वळणावरची कळशी

आये,

आज सकाळीही गाडी आपल्या वळणावर थांबली. तिथे खांब नाही, शेड नाही, थांब्याचं नाव लिहिलेला पत्रा नाही. एका अंगाला सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला आपल्या वाडीकडे उतरणारी वाळूची पायवाट आणि वाटेच्या तोंडाशी, त्याच काळ्या दगडावर, तुझी पोचे पडलेली जर्मनची कळशी. ड्रायव्हर नवा आहे, या महिन्यातच आलाय. गाडीही नवीच. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, कळशी उचलली आणि पुढे जाऊन घुटमळला. जुन्या गाड्यांसारखं या गाडीच्या इंजिनात वरून पाणी ओतावं लागतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मग त्याने ते पुढच्या काचेवर ओतलं, हात धुतले, तोंडावर दोन हबके मारले आणि कळशी अगदी जपून जागेवर ठेवली. तोवर दोन कोळणी आपल्या टोपल्यांसकट चढल्या होत्या. सुटताना त्याने मला विचारलं, "ताई, आपण इथे का थांबतो हो?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "पाण्यासाठी." त्याने मान हलवली. त्याचं समाधान झालं, असं दिसलं.

तुला हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझ्या टेबलावर एक कागद पडून आहे. तुझी लेक एस.टी.च्या आगारात वाहतूक शाखेत लिपिक झाली, ते तू पाहिलंस. पण पुढचं तुला माहीत नाही. आता कंडक्टरच्या गळ्यातली ती तिकिटांची पेटी आणि चिमटा जाणार. त्याऐवजी हातात मावेल एवढं एक यंत्र येतंय. कुठून चढला आणि कुठे उतरणार ते दाबलं की तिकीट बाहेर येतं. त्या यंत्राला सगळे थांबे आधी शिकवून ठेवावे लागतात, आणि आपल्या मार्गाचे थांबे त्याला शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. जो थांबा यंत्रात नाही तिथे गाडी उभी करायची नाही, असा हुकूम सोबतच आहे. आपलं वळण जुन्या कागदांत नाही, म्हणून नव्यातही नाही. मी ते घातलं नाही तर तिथून गाडी सरळ निघून जाईल, आणि यावेळी कळशी असूनही निघून जाईल. उद्या कागद साहेबांपुढे ठेवायचा आहे. म्हणून आज कचेरीतून आल्यावर चूलसुद्धा न पेटवता तुझ्या जागेवर बसून हे लिहितेय.

मला आधी आठवते ती वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटची म्हणून गावात यायची, रात्रभर शाळेसमोर उभी राहायची आणि उजाडता उजाडता पहिली म्हणून सुटायची. आमच्या लहानपणी गावात रात्रीची म्हणून जी काही मोठी गोष्ट होती ती तीच. लांब खाडीच्या पुलावरून तिचे दिवे वळले की माडांच्या झावळ्यांतून उजेड सरकत यायचा, आपल्या भिंतीवरून जायचा, क्षणभर तुझ्या तोंडावर पडायचा आणि पुढे विहिरीकडे जाऊन विझायचा. तू जे हातात असेल ते खाली ठेवून म्हणायचीस, "दिवो दिसलो. गाडी इली गो." जणू तुझ्या माहेरचं कोणी आलं. मी आणि वाडीतली पोरं धावत जाऊन त्या रिकाम्या गाडीत बसायचो. आतमध्ये डिझेल, सुकी मासळी आणि कुणाच्या तरी वेणीतल्या अबोलीचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. गाडी जागची हलत नसे, पण डोळे मिटले की चालायची. मी त्या मागच्या सीटवर कितीदा तरी झोपून गेलेय आणि तू मला खांद्यावर टाकून आणलंयस.

ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला घालायची गावात पाळी असायची. आज या घरी, उद्या त्या घरी. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ठाऊक नाही. पण गाडीतल्या माणसांना उपाशी झोपवणं म्हणजे गावाची इज्जत गेली, असं सगळ्यांना वाटायचं. आपली पाळी असली की तू बाजारात चांगला भाव येणारा सुरमईचा तुकडा बाजूला काढून ठेवायचीस. आपल्या वाट्याला तारली. मी कुरकुरले की तू कालथा उगारायचीस. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, उंच, मिशाळ. पहिल्या दिवशी माशाच्या आमटीकडे तो असं बघत होता की आपण सगळे हसलो. तू त्याला म्हणालीस, "खा रे, ता काय तुका खाणा नाय. तूच ताका खायचंस." वर्षभरात तो काटे न काढता पेडवे चावायला लागला. कंडक्टर कुडाळकडचा, आपल्यातलाच, त्याला शिकवावं लागलं नाही. बाबा गोव्याच्या ट्रॉलरवर असायचे, पावसाळ्यात तेवढे घरी. त्यामुळे त्या दोघांच्या आवाजाने आपला स्वयंपाकघराचा कोपरा भरल्यासारखा वाटायचा. तू वाढताना गाडीची चौकशी अशी करायचीस की जणू ती दावणीला बांधलेली म्हैस आहे. "आज कशी चालली? मागचा चाक कुरकुरता हा अजून?"

तुझा सगळा संसार त्या पहाटेच्या गाडीवर उभा होता. रापण, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्याला ओढायचं ते मोठं जाळं, ओढून झाली की तू किनाऱ्यावरून मासळी उचलायचीस, बर्फाचा चुरा घालायचीस, वर पोत्याचा तुकडा ओला करून टाकायचीस आणि डोक्यावर टोपली घेऊन पायवाटेने वळणावर यायचीस. कधी रापण उशिरा यायची. गाडी वळणावर आली तरी तू वाटेवर नसायचीस. मग ड्रायव्हर हॉर्न दाबायचा आणि सुरूच्या पलीकडून तुझा आवाज यायचा, "इलंय रे, इलंय!" आवाज आधी, मग टोपली, मग तू. सगळी गाडी खिडकीतून बघत बसलेली. दुसऱ्या गावच्या शाळेत शिकवायला जाणारे मास्तर घड्याळ बघायचे, पण बोलायचे नाहीत, कारण संध्याकाळी त्यांनाही बांगडे लागायचे. कणकवलीच्या बाजारात तुझी जागा ठरलेली होती, आणि उन्हं वर यायच्या आत तिथे पोचणं म्हणजेच धंदा. उशिरा पोचलेली मासळी कुणी घेत नाही, हे तू मला शाळेच्या अभ्यासापेक्षा जास्त वेळा सांगितलंस.

मग रेल्वे आली. त्या वर्षी सगळेच हवेत होते. वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, जिकडे तिकडे स्टेशनं. मुंबईचा चाकरमानी आता रातोरात घरी येणार म्हणून घरोघरी माळे साफ झाले. आणि त्याच धामधुमीत एक साहेब जीपमधून गावात आले. देवळाच्या मंडपात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "रेल्वे सुरू झाल्यामुळे मार्गांची फेररचना करायची आहे. आपल्या गावच्या मुक्कामी गाडीचं भारमान तपासलं जाईल. ते कमी आढळलं तर फेरी बंद होऊ शकते." भारमान म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही. तू मागे खांबाला टेकून उभी होतीस. तू विचारलंस, "म्हणजे माणसां मोजतल्यात काय?" साहेब हसून म्हणाले, "हो, तसंच समजा." आता मी रोज तोच शब्द लिहिते. गाडीत बसायला जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, एवढाच त्याचा अर्थ. त्यात रापण उशिरा येते हे बसत नाही. पण त्यात साहेबांचीही काही चूक नव्हती, आये. त्यांच्याकडे गाड्या कमी होत्या आणि स्टेशनावर माणसं ताटकळत होती. कुठूनतरी काढून कुठेतरी घालायची होती.

साहेबांची जीप धुरळा उडवत गेली आणि तू तिथेच मंडपात सूत्रं हाती घेतलीस. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "मोजूक येतले? येवंदेत. आमी गाडी भरून दाखवया. सगळ्यांनी शाळेकडेच चढायचा आणि थेट कणकवलीक उतरायचा. मधी कोणी चढूचा नाय, कोणी उतरूचा नाय. सायबाक दिसाक होया, गाडी हंयसूनच कशी खचाखच भरता ती." देवळाचा गुरव म्हणाला, "माका कणकवलीत काय काम?" तू म्हणालीस, "काम नसला तरी चला. रेल बघून येवा." आणि खरंच, मोजणीचे ते दिवस म्हणजे जत्रा झाली. ज्यांनी कधी तालुका पाहिला नाही अशा म्हाताऱ्या नवी लुगडी नेसून बसल्या. गुरव रोज गेला. रोज स्टेशनावर जाऊन रेल्वे बघून आला आणि शेवटी शेवटी तर कुठली गाडी लेट आहे तेही सांगायला लागला. तू आपलं वळण सोडून, डोक्यावर टोपली घेऊन, उलटी चालत शाळेपर्यंत जायचीस, कारण गाडी तिथूनच भरलेली दिसायला हवी होती. मोजणारा माणूस कंडक्टरशेजारी बसून कागदावर रेघा ओढत होता. ड्रायव्हर आरशातून हे सगळं बघून मिशीत हसत होता.

महिन्याभराने हुकूम आला. मास्तरांनी तो मंडपात मोठ्याने वाचला. आपली गाडी बंद होणार नव्हती. टाळ्या वाजल्या, कुणीतरी नारळ फोडला. मग मास्तरांनी चष्मा वर करून पुढचं वाचलं. या गावाहून थेट कणकवलीला जाणाऱ्या प्रवाशांची संख्या लक्षात घेऊन ही फेरी आता जलद करण्यात येत आहे, सकाळची रेल्वे मिळावी म्हणून. आणि ज्या मधल्या थांब्यांवर एकही प्रवासी आढळला नाही, ते रद्द करण्यात येत आहेत. त्यात आपलं वळण होतं. तूच सांगितलं होतंस ना, मधे कोणी चढायचं नाही म्हणून. लोक तुझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं तू भांडशील, जीपच्या मागे धावशील. तू फक्त पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "बरा झाला. गाडी ऱ्हवली मां?" आणि घरी येऊन विहिरीवर बराच वेळ नुसतीच उभी राहिलीस. रहाट फिरवत नव्हतीस. मी बोलावलं तर म्हणालीस, "वायच थांब. इचार करतंय."

वळणापासून शाळेपर्यंत चालत जायचं म्हणजे काय, ते भरली टोपली डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. रापण वेळेवर आली तर जमायचं. उशीर झाला की तू पायवाटेवरच असायचीस आणि गाडी सुरूच्या झाडांमागून सुसाट निघून जायची. "अरे मेल्या, इलंय! थांब!" असं तू ओरडलेलं सगळ्या वाडीने ऐकलं. ती टोपली मग तू वाडीवाडीत फिरून मिळेल त्या भावाला काढायचीस, उरलेली खारवायचीस. आपल्या अंगणात त्या दिवसांत इतकी मासळी सुकत होती की मांजरांनाही तिचा कंटाळा आला. आणि नेमकी त्याच आठवड्यात आपल्या घरची जेवणाची पाळी आली.

तो स्वयंपाकघरातला प्रसंग मला कालचा वाटतो. बत्ती भुरभुरतेय. दोघं पाटावर बसलेत, मान खाली. तू सुरमईच वाढलीस, तारली नाही. आमटी वाढलीस, भात वाढलास, आणि मग कालथा हातात धरून ड्रायव्हरपुढे उभी राहिलीस. "माज्या चुलीकडे थांबतंस. मगे माज्या टोपलेसाठी थांबूक तुका काय झाला रे?" त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "मावशी, माझ्या हातात हाय का ते? थांबा न्हाई तिथं. तपासणीसानं बघितलं तर माझ्यावर शेकंल." तू त्याच्या ताटात आणखी भात वाढलास, आणि तोच त्याला शब्दांपेक्षा जास्त लागला. मग तो ताटात बोट फिरवत, जणू स्वतःशीच, म्हणाला, "थांबा नसंल तर गाडी थांबवता येत न्हाई. आता आपसूक तापून बंद पडली, तर गोष्ट वेगळी." कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला ठसकाच लागला. पाणी पिऊन झाल्यावर कंडक्टर तुला म्हणाला, "काकी, उद्या सकाळी एक कळशी पाणी घेवन वळणाकडे उबी रव." तुला समजायला क्षणभर लागला. मग तू जी हसलीस, आये, तसं तुला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. हसता हसता डोळ्याला पदर लावलास आणि उरलेला सुरमईचा तुकडाही त्याच्याच ताटात टाकलास.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रोज आपल्या वळणावर तापायला लागली. माघाच्या थंडीतही तापायची. ड्रायव्हर इंजिन बंद करायचा, बॉनेट उघडायचा आणि तोंड गंभीर करून तुझ्या कळशीतलं पाणी ओतायचा. तेवढ्यात तू मागच्या दाराने टोपली आत सरकवायचीस. कधी कधी इंजिन बंद केल्यावर परत सुरूच व्हायचं नाही. मग गुरवासकट सगळे उतरून ढकलायचे आणि तू टोपलीवर बसून "वायच जोर लावा" म्हणून सांगायचीस. एकदा खरंच गाडीत तपासणीस निघाला. त्याने खाली उतरून विचारलं, "गाडी का थांबवलीत?" ड्रायव्हर म्हणाला, "थांबवली न्हाई साहेब, तापली. पुढं चढ हाय." तपासणीसाने पुढचा सपाट वाळूचा रस्ता पाहिला, मागचा सपाट रस्ता पाहिला. तू कळशी पुढे केलीस. "सायबानू, तुमका होया काय? बावडेचा पाणी आसा, आत्ताच काडलेला, थंड." त्याने ओंजळ धरली, पोटभर प्यायला, तोंड पुसलं आणि वहीत काहीही न लिहिता आत जाऊन बसला. कणकवली येईपर्यंत गाडीत कुणी हसलं नाही. उतरल्यावर मात्र बाजारातल्या लोकांना कळेना, की या बायका आज एवढ्या का खिदळतायत.

मला त्यातला सगळ्यात आवडायचा तो इंजिन बंद झाल्यानंतरचा वेळ. गाडीचा खडखडाट एकदम थांबला की कानात आधी काहीच नसायचं. मग हळूहळू समुद्र ऐकू यायचा, सुरूच्या पानांतला वारा, कुठेतरी वाळूवर चपलांचा आवाज. माणसंही हळू बोलायची. मी तेव्हा कॉलेजला जायचे, जागा मिळावी म्हणून शाळेकडेच चढायचे, खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत असायचे, आणि मला वाटायचं की आपण सगळे एखाद्या होडीत बसलोय आणि होडी कुणीतरी येण्याची वाट बघतेय. मग "इलंय, इलंय" करत तू यायचीस आणि जग पुन्हा चालू व्हायचं.

ड्रायव्हरची बदली झाली तेव्हा तो जेवायला आला आणि जाताना गाडीचा जुना पत्र्याचा फलक तुला देऊन गेला, आपल्या गावाचं नाव लिहिलेला. म्हणाला, "नवीन आलाय, हा टाकूनच देणार होते." तू तो देव्हाऱ्याजवळ ठेवशील असं मला वाटलं, पण तू तो पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलास, झड आत येऊ नये म्हणून. अजून तिथेच आहे. त्याच दिवसांत मला आगारात नोकरी लागली. तू विचारलंस, "म्हणजे आता तू गाड्यो सोडतलंस?" मी म्हटलं, "नाय गो आये, कागद करूचे." तू चुलीत फुंकर घालत म्हणालीस, "कागदानच तर माजो थांबो खाल्ल्यान. बघ, तू कोणाचो खाव नको." मला राग आला होता. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे काय बोलणं! पण आज टेबलावर बसलं की तेच वाक्य आधी आठवतं.

तू गेलीस ती पाऊस संपता संपता, त्या वर्षी आलेल्या तापाने. तेराव्यापर्यंत मी घराबाहेर पडले नाही. पण पहाटे पडल्या पडल्या मला ऐकू यायचं: गाडी वळणावर येते, इंजिन बंद होतं. कळशीत पाणी नाही, हे मला ठाऊक होतं. टोपली घेऊन कुणी येणार नाही, हे कोल्हापूरकडच्या ड्रायव्हरच्या जागी आलेल्यालाही ठाऊक होतं, कारण तोही तुझ्या हातचं जेवला होता. तरी गाडी उभीच. मग एका पहाटे आपल्या विहिरीचा रहाट वाजला. मी दार किलकिलं करून पाहिलं तर तोच कुडाळकडचा कंडक्टर आपली खाकी बाही वर करून कळशी भरत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भरली, उचलली, वळणावर नेली. त्यानंतर ड्रायव्हर बदलत गेले, कंडक्टर बदलले, येणारा जाणाऱ्याला सांगत गेला की या वळणावर पाण्यासाठी थांबायचं असतं. का, ते सांगायचं हळूहळू राहून गेलं.

आणि दरम्यान बाकी सगळं बदललं. आता बर्फाचे टेम्पो थेट किनाऱ्यावर उतरतात, दलाल तिथेच मासळी उचलतो. वाडीतल्या पोरांकडे मोटारसायकली आल्या. मुंबईला जाणारा स्टेशनाला रिक्षाने जातो. गाडी अर्धी रिकामी धावते. वळणावर चढणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर. आमचे साहेब वाईट नाहीत. ते म्हणतात, प्रत्येक थांब्याला डिझेल जळतं, वेळ जातो, पुढच्याची रेल्वे चुकते. खरंच आहे. परवाच आपल्या गाडीतल्या एका माणसाची मुंबईच्या दवाखान्याची तारीख हुकली असती. तो माणूस तू टोपली सरकवत असताना घड्याळ बघत बसलेला मला दिसायला लागतो, आणि मग तुझीही बाजू घ्यावी तर कशी, असं होतं. एवढंच कळतं, की गाडी सगळ्यांची असते आणि म्हणून ती कुणासाठी किती थांबावी यावर कधीच सगळ्यांचं एकमत होत नाही.

पण कागद मी केलाय, आये. यावेळी गाडी भरून दाखवली नाही. जेवढ्या बायका चढतात तेवढ्याच लिहिल्या, आणि त्या न चढल्या तर त्यांची मासळी कुठे जाते तेही लिहिलं. साहेबांना आज नुसतं तोंडी सांगितलं, तर ते म्हणाले, "गाडी इतकी वर्षं तिथे थांबतेच आहे म्हणता, मग घाला यादीत. पण नाव काय त्या थांब्याचं?" नाव नव्हतंच. लोक म्हणतात, "पाण्याकडे उतरतंय." मी "पाण्याचे वळण" असं लिहिलं. उद्या सही होईल. मग कंडक्टर यंत्रावर ते नाव दाबेल आणि तिकिटावर छापून येईल. तुझा थांबा तुला परत मिळाला. यावेळी तपासणीसाला पाणी पाजावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र ना साहेबांना सांगितली, ना त्या नव्या ड्रायव्हरला. तो मला परवा विचारत होता, ही कळशी रोज भरतं कोण? मी म्हटलं, कोण जाणे. मीच भरते. त्या कंडक्टरची बदली झाल्यापासून मीच भरते, अंधारातच दगडावर नेऊन ठेवते आणि मग शाळेकडे जाऊन गाडीत बसते. गाडीला पाणी लागत नाही, हे तर कचेरीत मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. आणि तो कागद इतके दिवस टेबलावर पडून होता तो साहेबांमुळे नव्हे, माझ्यामुळे. पक्क्या थांब्यावर इंजिन बंद करत नाहीत, आये. बायका चढल्या, घंटी मारली, निघाली. त्या बायकांना तेवढंच हवं आहे आणि त्यांचं बरोबर आहे. पण इंजिन बंद झालं की समुद्र ऐकू येतो, आणि तेवढा वेळ मी पायवाटेकडे बघत असते. तेवढा वेळ गाडी तुझ्यासाठी थांबलेली असते. उद्या सही झाली की ते संपेल. तू सुरूच्या पलीकडून "इलंय, इलंय" म्हणालीस तरी आता ऐकू येणार नाही.

कळशी मी उद्याही भरून ठेवणार आहे.